बर्फावर ठेवलेला फोन

डोंगरातल्या कोचकोर गावच्या बाजारात जोल्चूचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. स्वस्तातला फोन घ्यायचा तर मेंढपाळ आधी त्याच्या टपरीवर येत, मग फोन कुणाच्याही दुकानातला असो. खोक्यावर काय छापलंय ते जोल्चू वाचायचाच नाही. फोन चालू करून उंबऱ्याबाहेरच्या बर्फावर ठेवायचा आणि दोन पेले चहा होईपर्यंत हात लावायचा नाही. तेवढ्यात विझला तो कचरा. "वर कुरणात तुमचा फोन काय शेगडीपाशी बसणार आहे?" असं गिऱ्हाइकाला सुनवायचा. माणूस तोंडाचा फटकळ, पण खोटं बोलला असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. त्याचा त्याला माजही होता, आणि तो माज त्या डिसेंबरात पुरता उतरला.

शनिवारी संध्याकाळी तोक्तोसुन आबा टपरीत शिरले आणि दार लोटून बसले. एर्निसची आई उमसुनाय, जिला सगळेच अपा, म्हणजे आई, म्हणत, तिचे ते थोरले दीर.

"एर्निस गेला," ते म्हणाले. "रशियात. बांधकामावरून पडला. त्याच्या आईला अजून ठाऊक नाही."

मरणाची बातमी आईला फोनवरून कळू द्यायची नाही, ही इकडची रीत. वडीलधाऱ्यांनी पहाटे घरी जायचं, जवळ बसायचं, आडवळणानं सांगायचं. अपाचा सख्खा भाऊ नारीनहून निघाला होता, पण खिंडीत बर्फ पडलेला. तो पोचणार सोमवारी. तोवर अपाचा जुना बटणांचा फोन दुरुस्तीच्या नावाखाली काढून आणलेला होता. आबांनी तो जोल्चूच्या टेबलावर ठेवला.

"उद्या ती नवा फोन घ्यायला येणार. एर्निसनंच सांगितलं होतं, तोंड बघता येईल असा घे म्हणून. चालू केला की गावभरचे दुखवट्याचे निरोप तिच्या हातात. तू म्हण, फोन टाकाऊ आहे. तुझं ती ऐकेल."

"मी असलं करत नाही, आबा."

"मग तूच सांग तिला, उद्या भर बाजारात."

जोल्चूनं तो जुना फोन उचलून खणात टाकला.

रविवारी अपा आली ती मेंढा विकूनच. चेहरा कसा उजळलेला. "गुलसाराच्या सुनेला तू दिलास ना, तस्साच दे. तीन वर्षं झाली पोराचं तोंड बघून. म्हणतो, अपा, लवकर बघून घे, टक्कल पडायला लागलंय."

"तो फोन आता पूर्वीसारखा येत नाही, अपा."

"असं? मग ठेव बर्फावर. तुझाच नियम आहे."

ठेवणं भाग पडलं. अपा चहा पीत एर्निसच्या लहानपणच्या खोड्या सांगत होती आणि आपलीच हसत होती. दुसरा पेला निम्मा झाला. मेला फोन लख्ख उजळलेलाच होता, कारण फोन खरोखर चांगला होता. जोल्चू उठला, तिच्याकडे पाठ करून वाकला आणि बटण दाबून धरलं.

"बघा. विझला."

अपानं काळी काच निरखली. "वाचवलंस रे लेका. एर्निसचा फोन येऊ दे, चांगला झाडते त्याला. आईच्या पैशाला आग लावायला निघालाय." जाताना तिनं टेबलावर मूठभर कुरुत ठेवले. सुकवलेल्या दह्याच्या त्या गोळ्या जोल्चूच्यानं खाववल्या नाहीत.

सोमवारी पहाटे वडीलधारे तिच्या घरी गेले.

दुखवट्याचा चाळिसावा दिवस झाल्यावर अपा पुन्हा बाजारात दिसली. एर्निसबरोबर काम करणाऱ्यांकडे त्याचे फोटो होते, त्याचं टिपलेलं बोलणं होतं. फोन घ्या, पाठवतो, म्हणाले होते. ती जोल्चूकडे आली नाही. समोरच्या दुकानात सोनेरी रंगाचा चकचकीत फोन हातात घेऊन उभी राहिली. जोल्चूला राहवेना. तो रस्ता ओलांडून गेला.

"अपा, तो नका घेऊ. थंडीत घटकाभर टिकायचा नाही. माझ्याकडचा न्या, पैसे नकोत."

"तुझ्याकडचा बर्फात विझतो ना?"

"विझला नव्हता. मीच बंद केला होता."

"कळलंय मला. चाळीस दिवस दुसरं काही सुचलेलं नाही. मी तुझ्या दारात बसून हसत होते, आणि तू ऐकत होतास."

"आबांनी सांगितलं म्हणून, अपा. रीत आहे."

"रीत त्यांनी पाळली. घरी आले, माझ्याजवळ बसले. तुझ्याकडे मी रीत मागायला आले नव्हते. फोन कसा आहे, एवढंच विचारायला आले होते."

तिनं सोनेरी फोन घेतला.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ती गाडीची वाट बघत समोर उभी होती. फोन गारठून मेलेला. तिनं कोटाची बटणं सोडली, फोन काखेत अंगाशी धरला आणि डोळे मिटून थांबली. बऱ्याच वेळानं बाहेर काढला. काच उजळली, ती वाकून बघू लागली, तिचे ओठ हलले, आणि फोन पुन्हा विझला. तिनं तो पुन्हा काखेत घातला.

जोल्चू दारात उभा राहून हे बघत होता. तो चांगला फोन त्याच्या खणात तसाच पडून होता. हाक मारायचा त्याला धीर झाला नाही.

मागे एक मेंढपाळ केव्हाचा खोळंबला होता. त्यानं हातातला फोन पुढे केला. "जोल्चू, घेण्यासारखा आहे का रे हा?"

"दुसऱ्या कुणाला तरी विचार," जोल्चू म्हणाला.