केसभरची बोटं

माझ्या धाकट्या दिरांना कारखान्यात सगळे ‘केसभर’ म्हणायचे. तीस वर्षं ग्राइंडिंग मशीनवर. घासलेल्या लोखंडावर बोट फिरवून म्हणायचे, “केसभर जास्त आहे,” आणि मोजलं की तेवढंच निघायचं. लग्न केलं नाही. उरलेला जीव रिमोटच्या गाडीत. रविवारी गोदामामागच्या फरशीवर शर्यत असायची, पोक्त माणसं पोरांसारखी भांडायची.

पण मशीनच्या थरथरीनं त्यांच्या बोटांची टोकं पांढरी पडत चालली होती. एकदा तापलेलं पातेलं उघड्या हातानं उचलून ओट्यावर ठेवलं आणि बोलतच राहिले. मी बघितलं. मी बघितलेलं त्यांनीही बघितलं. कारखान्यात त्यांनी घासलेला माल परत यायला लागला होता आणि फोरमन दोनदा विचारून गेला होता.

त्यातच गाडीचा डिफरन्शियल गेला. वळताना आतलं चाक हळू, बाहेरचं जोरात फिरावं म्हणून मध्ये बसवतात ते. ही गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी, म्हणजे सगळा भार त्याच्यावरच. दुकानदार म्हणाला, “दात्यांचा घ्या. दाट तेल भरा आणि विसरून जा.”

“विसरायचं असतं तर टीव्ही बघत बसलो असतो,” म्हणाले आणि गोळ्यांचा घेऊन आले.

त्यात मोहरीएवढ्या पोलादी गोळ्या दोन चकत्यांमध्ये दाबून बसवायच्या. किती दाबायच्या ते एका स्क्रूवर आणि बोटांच्या अंदाजावर. सैल राहिल्या तर घसरतात, जळतात.

“वहिनी, हा बोटांनी जमला तर मशीन अजून माझंच,” ते म्हणाले. “नाही जमला तर सोमवारी फोरमनला सांगून मोकळा होतो. उगाच कुणाचा हात जायचा.”

दोन तास खपले. मी जमिनीवरून गोळ्या वेचून देत होते.

“भाऊजी, यापेक्षा तांदूळ निवडणं सोपं.”

“तांदूळ पळत नाहीत, वहिनी.”

शेवटी दोन्ही चाकं घट्ट धरून त्यांनी मधलं दातेरी चाक अंगठ्यानं ढकललं. पुन्हा ढकललं. मग गाडी माझ्यापुढे केली. “बघा बरं. घसरतं का?”

मी ढकललं. लोण्यातून फिरावं तसं सरकलं.

“घट्ट आहे,” मी म्हणाले.

त्यांचा चेहरा असा उजळला की वाटलं, खोटं बोलले ते बरंच केलं.

रविवारी गाडी तिसऱ्या फेरीत वळणावर नुसती किंचाळत उभी राहिली. आणून उघडली तर चकत्यांवर काळे चरे, गोळ्या भाजलेल्या. शर्यतीतला एक मित्र म्हणाला, “अरे केसभर, हा तर हातभर सैल होता!” सगळे हसले. भाऊजीही हसले.

घरी येऊन चप्पल काढता काढता म्हणाले, “तुम्हाला कळलं होतं ना?”

मी त्यांच्या चपला उचलून कोपऱ्यात ठेवल्या.

“मशीनवरही असंच ‘घट्ट आहे’ म्हणाला असतात?”

सोमवारी त्यांनी फोरमनला सांगितलं. आता ते कारखान्याच्या फाटकावर राखणीला बसतात. गाडीत दात्यांचा बसवलाय, पळते बरी. माझ्याशी नीट बोलतात, हसतात, पोटभर जेवतात. फक्त कुठलीही वस्तू पुढे करून “बघा बरं” म्हणत नाहीत. चष्म्यावरचा डागसुद्धा शेजाऱ्याला दाखवून येतात.