नाकातला बाम आणि पहिलं टेबल

सराव परीक्षेच्या दिवशी सकाळी मी दोन्ही नाकपुड्यांत आईचा बाम भरला आणि तसाच केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये गेलो. मला सर्दी नव्हती. डोकंही दुखत नव्हतं. दुखत होतं ते वेगळंच, आणि त्याचं कारण रोज माझ्याच पलंगावर, माझीच उशी घेऊन झोपायचं.

कारण म्हणजे माझा मावसभाऊ. बारावीसाठी तो कटंगीकडच्या गावाहून बालाघाटला आमच्या घरी राहायला आला आणि माझ्याच वर्गात बसला. बघता बघता घर त्याचं झालं. उठल्यावर पांघरुणाची घडी काय घालायचा, ताटात पडेल ते मुकाट्यानं काय खायचा, बाबांशी धानाच्या शेतीवर मोठ्या माणसासारखा काय बोलायचा! गल्लीतलं एक कुत्रं मी बिस्किटं घालघालून वळवलं होतं, तेसुद्धा त्याच्या मागे जायला लागलं. हे सगळं मी सोसलं. तूप मात्र सोसवेना.

थंडी पडली तशी आई रोज सकाळी चमच्यात तूप कोमट करायची आणि त्याच्या नाकात थेंब सोडायची. तो डोकं मागे टाकून राजासारखा बसायचा. माझ्या नाकाची आजवर कोणी अशी विचारपूस केली नव्हती.

आणि नेमकं नाकच त्याचं तेज निघालं. लॅबमध्ये सर कागदाच्या पुडीत एक पांढरी भुकटी देत आणि त्यात कोणतं सॉल्ट आहे ते ओळखायला लावत. आम्ही परीक्षानळ्या तापवत, पुस्तक चाळत, एकमेकांच्या पुड्यांत डोकावत असू. हा गडी कॉस्टिक सोडा घालून नळी तापवायचा, तिच्या तोंडाशी हात हलवायचा, डोळे बारीक करायचा आणि म्हणायचा, ‘‘अमोनियम आहे सर.’’ असायचंच! सर म्हणायचे, ‘‘इसको बोलते हैं नाक!’’

आमच्या शाळेत बोर्डाच्या प्रॅक्टिकलला पहिलं टेबल सर स्वतः ठरवत. बाहेरून येणारे परीक्षक दारातून शिरले की पहिले तिथंच थांबतात, म्हणून तिथं वर्गातलं सगळ्यात पक्कं पोरगं उभं करायचं. अकरावीपासून ते टेबल माझं होतं. यंदा सरांनी सांगितलं, सराव परीक्षेत बघू. बघू म्हणजे काय, ते मला कळलं होतं. घर गेलं, कुत्रं गेलं, आता टेबलही जाणार.

मी फार विचार केला. त्याचं नाक तुपानं उघडलंय, तर आपलंही उघडलं पाहिजे. पण तूप मागितलं असतं तर आई सगळ्यांसमोर म्हणाली असती, ‘‘त्याले पाहूनच मागून राह्यला न?’’ त्यापेक्षा बाम बरा. बामानं नाक उघडतं हे तर सगळं जग जाणतं. शिवाय तुपापेक्षा जास्त उघडेल, हा माझा हिशेब. बोटभर घेतला आणि आत सारला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, तेव्हा वाटलं, लागू पडलं.

लॅबमध्ये पुडी उघडली. कॉस्टिक सोडा घातला, नळी दिव्यावर धरली, त्याच्यासारखा हात हलवला, त्याच्यासारखे डोळे बारीक केले. बाम. परत तापवली, आणखी जवळ नेली. बामच. शेजारच्या टेबलावरच्या पोरांनी नाकाला रुमाल लावले, एक मुलगी खोकत खिडकीकडे गेली. मला वाटलं, यांच्या पुडीत काहीतरी घाण निघाली. मी शांतपणे लिहिलं, अमोनियम नाही. मग धातूंचे उरलेले सगळे गट एकेक करून तपासले. कशातच काही सापडेना. शेवटच्या नळीत काहीतरी पांढरं दिसल्यासारखं झालं, तेव्हा मॅग्नेशियम क्लोराइड लिहून मोकळा झालो.

सर नाकाशी रुमाल धरूनच आले. ‘‘अरे भाई, अमोनियम क्लोराइड दिया था तेरे को! पूरी लॅब को बास आ रही है, तेरे को नहीं आई?’’

मग माझ्या चेहऱ्याजवळ वाकले, हुंगले आणि म्हणाले, ‘‘ये बाम किसने लगाया?’’

पहिलं टेबल तिथल्या तिथे मावसभावाला मिळालं.

घरी त्यानंच आईला सगळं सांगितलं. हसत नव्हता, हे आणखी वाईट. मी चिडून म्हणालो, ‘‘तुले काय! तुयं नाक तुपानं उघडते.’’

तो बघतच राहिला. ‘‘अबे, थंडीत माह्या नाकातून रक्त येते, म्हणून मावशी तूप टाकते. वास तं मले धड येतच नाही.’’

‘‘मंग ओळखतं कसा?’’

‘‘लाल लिटमस ओला करून बोटात धरतो न. नळीच्या तोंडावर नेला का निळा होते. सरांनीच तं शिकवलं. तुह्या टेबलावर नव्हता का?’’

होता. लिटमसची अख्खी डबी माझ्या कोपराशी होती. आणि इतके दिवस मी त्याच्या नाकावरच नजर लावून बसलो होतो, बोटांकडे कधी बघितलंच नाही.

आईनं बामाची डबी उघडून आत पाहिलं, झाकण लावलं आणि ती वरच्या फळीवर ठेवली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, ‘‘परीक्षेच्या दिवशी तो करन तसंच करजो. सोताचं डोकं लावू नको.’’