चुलीवर टांगलेला सुभेदार

आषाढ, १९४६. जागा: राजूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीत, तुकाराम पाटलांचे स्वयंपाकघर. हजर: मी, गुरांचा डॉक्टर, माझा मदतनीस ड्रेसर गफूर, घरधनी पाटील, त्यांची पत्नी हौसाबाई, आणि सुभेदार. सुभेदार म्हणजे पोपट. गैरहजर: ज्यांच्यासाठी मी आलो होतो ती वाडीतली सगळी गुरे.

गुरांना घटसर्पाची लस टोचायची होती. या रोगात जनावराचा घसा सुजतो आणि ते बघता बघता हातचे जाते. लस पावसाआधी टोचायची असते. ती नगरहून उशिरा आली, म्हणून मी भर पावसात आलो. पाटलांनी गुरे एका जागी जमवायची, मी टोचायची, असे ठरले होते. पाटलांनी मला थेट चुलीपुढे नेले.

"गुरं सकाळी आनतो. आदी ह्याच्याकडं बघा. न्हाईतर मला घरात भाकर मिळायची न्हाई."

"मी गुरांचा डॉक्टर आहे, पाटील."

"मग ह्यो काय मामलेदार हाय?" हौसाबाई म्हणाल्या. "पिसं असली म्हनून जनावर न्हवं का?"

मी म्हटले, "दाखवा."

त्यांनी वर बोट केले. बरोबर चुलीच्या वर, आढ्याला, एक ओळ टांगलेली होती. मक्याची कणसे, नागलीची कणसे, बियाणे भरलेला वाळका भोपळा, सुक्या मासळीची माळ, आणि त्यानंतर पिंजरा. ओळीत सगळ्यांत खाली पिंजराच होता. खाली ओली लाकडे धुमसत होती.

गफूरने पिंजरा उतरवला. सुभेदाराची चोच उघडी होती, डोळ्यांत पाणी होते, आणि प्रत्येक श्वासाला शेपूट खालीवर होत होती. पक्ष्याची शेपूट श्वासाबरोबर हलायला लागली की समजावे, त्याला दम पुरत नाही. हा पोपट म्हणे दारात कुणी आले की "कोन हाय?" म्हणून दरडावायचा. त्यावरूनच नाव पडले होते. मी आलो तेव्हा त्याने काहीच विचारले नव्हते.

मी माझे ठरलेले प्रश्न विचारले. खातो काय? पाणी कुठले? विष्ठा कशी? मधेच कुणीतरी खोकले. मी पिंजऱ्याकडे पाहिले.

"म्या खोकले," हौसाबाई म्हणाल्या. "तुमी त्याच्याकडं बघा."

"याला चुलीवर का टांगलाय?"

"आखाडात हितं कापड वाळत न्हाई, डाक्टर. जे टिकवायचं ते चुलीवर टांगायचं. बी टिकतं, मासळी टिकती, मग पाखरू न्हाई टिकायचं? मागल्या आखाडात एक पोपट गारठ्यानं गेला. त्याच्या आदल्या आखाडात एक. म्हनून ह्याला हातभर खाली घेतला, ऊब लागावी म्हनून." मग हळूच म्हणाल्या, "ह्यो पन गेला तर मी परत पाखरू पाळनार न्हाई. घरात बोलायला दुसरं हाय कोन? ह्ये दिवसभर चिलीम तोंडात धरून बसत्यात."

पाटील चिलीम खाली ठेवावी की नाही या विचारात पडले.

मी समजावून सांगितले. पक्ष्याला आपल्यासारखी नुसती फुप्फुसे नसतात. त्यांना जोडून पार पोटापर्यंत हवेच्या पातळ पिशव्या असतात. घेतलेला श्वास अंगभर फिरतो, तसा धूरही फिरतो. आपल्याला ठसका लागतो तेवढ्या धुरात पक्षी मरू शकतो. "तुमचे आधीचे पोपट गारठ्याने गेले नाहीत. ज्या धुराने बियाण्यातला किडा मरतो, तो पाखराला औषध कसा होईल?"

हौसाबाईंनी स्वतः पिंजरा उचलला.

आता ठेवायचा कुठे? इथे खरे काम सुरू झाले. पडवीत नेला, तिथे पाटलांची बैठक आणि चिलीम. गोठ्यात नेला, तिथे डासांसाठी कडुनिंबाची धुरी. देवघराच्या कोनाड्यापाशी ठेवला, तिथे ऊद. उरलेल्या खोलीत रॉकेलची चिमणी, तिची काजळी वरच्या कौलांपर्यंत चढलेली.

"साहेब," गफूर म्हणाला, "ह्या घरात धूर नसलेली जागा फक्त पावसात आहे."

शेवटी पडवीचा वाऱ्याकडचा कोपरा निवडला. पिंजऱ्याला तीन बाजूंनी घोंगडी, समोरून हवा. शेकायला निखारे नाहीत. गरम पाण्याचा तांब्या फडक्यात गुंडाळून शेजारी. गोठ्यातली धुरी वाऱ्याच्या उलट अंगाला. आणि पडवीत चिलीम बंद.

"म्हंजे मी कुटं बसायचं?" पाटलांनी विचारले.

"पाखरू हुतं तितं बसा," हौसाबाई म्हणाल्या. "चुलीवर."

सकाळी वाडीतली सगळी गुरे दारात हजर. मी टोचत होतो, गफूर सुया उकळून देत होता, आणि पाटील वळचणीखाली घोंगडी पांघरून, निम्मे भिजत, चिलीम ओढत होते. सुभेदार तसाच होता, पण शेपूट जरा कमी हलत होती. मी कसलेही वचन दिले नाही.

नगरच्या साहेबांनी माझी डायरी तपासताना विचारले, "या वाडीत मुक्काम वाढला तो कशामुळे?"

"पोपट, सर."

"पोपट आपल्या कुठल्या कामात बसतो?"

"लसीच्या, सर. त्याला बघितले नसते तर गुरे आली नसती."

साहेबांनी पान उलटले.

पाऊस ओसरल्यावर राजूरच्या बाजाराला गेलो तेव्हा गफूरला घेऊन वाडीवर चढलो. दारात पाय ठेवला आणि आतून कुणीतरी दरडावले, "कोन हाय?" कुठल्याही पेशंटने माझा याहून उद्धट सत्कार केलेला नाही. सुभेदार मिरची खात होता.

हौसाबाई आत भाकरी थापत होत्या. खोकत होत्या.

"डाक्टर," त्या धुरातून म्हणाल्या, "पाखराला तुमी एका दुपारी भायेर काढलं. मी लगीन हून आले तवापास्नं आतच हाय."

पाटलांनी चिलमीकडे पाहिले. गफूरने कौलांकडे पाहिले. मग गफूरने आणि मी चुलीवर धुराडे कुठे निघेल ते मोजले. काम माझ्या खात्याचे नव्हते, पण अवघडही नव्हते. दोन कौले काढायची, वर पत्र्याची टोपी बसवायची. गफूरने राजूरला रॉकेलचा रिकामा डबा कापून टोपी तयार केली आणि वाडीवर पोचती केली.

"भात निगू द्या," पाटील म्हणाले. भात निघाले. "शिमगा हू द्या," म्हणाले. शिमगा झाला.

या खेपेला लस वेळेवर मिळाली. वळवाच्या आधी वाडीवर गेलो, गुरेही वेळेवर आली. सुभेदार ठणठणीत आहे, आणि पाटलांना पडवीत अजून चिलीम ओढता येत नाही. मी टोपीची चौकशी केली.

"नीट ठेवलीया," पाटील म्हणाले. "गंजू नये म्हनून."

हौसाबाईंनी पीठ लागलेले बोट वर केले. चुलीच्या वर, मक्याच्या आणि नागलीच्या कणसांच्या ओळीत, पिंजऱ्याच्या रिकाम्या आकड्याला, टोपी टांगलेली होती.

लसीकरण झाले. पोपट झाला. धुराडे बाकी.