बंधाऱ्यावरचे व्याही

माणसाला धक्का बसायला विजेची तार लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमचे व्याही पाहिलेले नाहीत. माझ्या लेकीच्या लग्नाला आता नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत त्या गृहस्थांनी मला जितक्या वेळा गार केलं, तितक्या वेळा आमच्या घनसावंगी तालुक्यात वीजही गेली नसेल. आणि वीज आमच्याकडे किती जाते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला मी काय म्हणतो ते कळेल. बरं, व्याही हे नातंच असं, की धक्का बसला तरी तोंड वाकडं करायची सोय नाही. लेक त्यांच्या घरात. मी आयुष्यभर शाळेत मास्तरकी केली, नुसतं खाकरलो तरी अख्खा वर्ग गप्प बसायचा, पण व्याह्यांपुढे मला “बराबर आहे इवाई तुमचं” याच्यापलीकडे वाक्य सुचत नाही. आमच्याकडे बोलताना व्याह्याला इवाई म्हणतात.

हे आमचे इवाई पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. आमच्या गावाखालून जी नदी पुढे गोदावरीला मिळते, तिच्यावरचा बंधारा त्यांनी तरुणपणी उभा केला. ओळीने खांब, खांबांच्या मधल्या गाळ्यांत लोखंडी बर्गे, म्हणजे काढ-घाल करता येणाऱ्या फळ्या. पावसाळा सरला की बर्गे टाकून पाणी अडवायचं आणि पुढच्या पावसाळ्याआधी ते काढून नदी मोकळी करायची, असा तो बंधारा. त्याच्या जिवावर माझी चार एकर मोसंबी उभी राहिली. त्यामुळे मुलीसाठी स्थळ आलं आणि मुलाचा बाप कोण ते कळलं, तेव्हा मी मुलाचा पगारही विचारला नाही. पण मुलगी बघायला आलेले व्याही ओट्यावर चपला काढायच्या आधी थेट माझ्या विहिरीकडे गेले. खिशातून गाठी मारलेली दोरी काढली, तिला दगड बांधून आत सोडली, गाठी मोजल्या आणि वर येऊन म्हणाले, “पाणी बराबर हाय. आमच्याकडून पसंती.” आत पोहे तसेच, चहा तसाच, लेक नवी साडी नेसून तशीच उभी. बायकोने त्या दिवशी जे तोंड फुगवलं ते लग्नाच्या दिवशीच उतरलं. “पोरगी बघायला आल्ते का हीर बघायला?” हा प्रश्न ती अजून विचारते.

बंधाऱ्यावर त्यांचा जीव किती, याचा एक नमुना सांगतो. जालन्याहून आमच्याकडे येताना एसटी नदीच्या पुलावरून जाते. पुलावर गाडी आली की व्याही चालत्या बसमध्ये ताठ उभे राहायचे, खिडकीतून खालच्या अंगाला बंधारा दिसेनासा होईपर्यंत बघायचे आणि मग बसायचे. एकदा त्यांचं बघून मागच्या बाकावरचे दोन म्हातारे उभे राहिले, मग त्यांच्यामागचे, आणि शेवटी सगळी बस उभी. कंडक्टरने टोपी काढून हातात घेतली. पूल ओलांडल्यावर त्याने हळूच विचारलं, “साहेब, कोण गेलं?” व्याही म्हणाले, “कोनी न्हाई. माझा बंधारा हाय तो.” मी त्यांच्या शेजारीच होतो. मला त्या दिवशी बसमधून उडी टाकावीशी वाटली होती.

मग जावयाची नोकरी अमेरिकेत लागली, समुद्राच्या काठच्या एका गावी, आणि पहिला नातू झाला तेव्हा व्याही-विहीणबाई सहा महिन्यांसाठी तिकडे गेले. परत आले तेव्हा आम्ही दोघं पहिल्या जीपने घनसावंगी आणि तिथून जालना गाठलं, नातवाचे फोटो बघायला. जयभीम घालून झाला, पाणी झालं, व्याह्यांनी फोन समोर धरला. पहिला फोटो समुद्राचा. दुसरा समुद्राचा. तिसऱ्यात समुद्रातून काळंपांढरं काहीतरी वर आलेलं. असे पन्नासेक फोटो झाले असतील, सगळे त्या काळ्यापांढऱ्या प्राण्याचे, आणि एका फोटोच्या कोपऱ्यात टोपडं दिसलं. “हा नातू,” व्याही म्हणाले आणि बोट पुढे सरकवलं. माझी बायको रडायच्या बेतात आली. वर आणखी लेकीने सांगितलेली हकिगत अशी, की हे गृहस्थ तिकडे एकदा दिवसभर बेपत्ता होते. ती लहान लेकरू कडेवर घेऊन शोधतेय, जावई पोलिसांना फोन लावतोय, आणि हे कुठे सापडले तर एका धरणाच्या भिंतीत माशांना वर चढायला वाट ठेवलेली आहे, तिथले मासे मोजायची काचेची खिडकी आहे तिथे. खुर्ची टाकून, वही घेऊन, तिथल्या मोजणाऱ्या बाईच्या जोडीने मासे मोजत होते. बाईचे आणि त्यांचे आकडे जुळले म्हणून ते खूश होते.

“इवाई, हा देवमासा,” ते मला सांगू लागले. “ऑर्का म्हन्तेत. तिथला ऑर्का साल्मन सोडून दुसरं काही फारसं खात न्हाई. साल्मन जनमतो डोंगरातल्या नदीत, मोठा होतो समुद्रात, आन् अंडी घालायला वापस त्याच नदीला येतो. मधी धरण बांधल्यावर समदा साल्मन वर जाईल कसा? साल्मन सरत चालला, तर ह्यो उपाशी. धरण बांधलं डोंगरात आन् मरून राह्यलं कोन, तर समुद्रातलं! एक मादी तर मेलेलं पिल्लू डोक्यावर घेऊन कितीक दिवस पव्हत होती.” इथे माझ्या बायकोने, नातवाच्या फोटोंवरून रुसलेल्या माझ्या बायकोने, पदर डोळ्यांना लावला. मीही हळहळलो. अमेरिकेतल्या माशासाठी हळहळायला आपलं काय जातं? पण व्याही पुढे म्हणाले, “तिथं काही नद्यांवरची धरनं काढून टाकली. ज्यांनी आयुष्यभर बांधली तेच काढायला उभे. इवाई, आपलाबी बंधारा काढाया पाहिजे.” मी हसलो. मोठ्याने हसलो. नंतर लक्षात आलं की खोलीत मी एकटाच हसतो आहे.

प्रवासाचा शीण असेल, उतरेल, असं मी धरून चाललो. चूक इथे झाली. आमची पाणी वापर संस्था आहे, तिचा मी अध्यक्ष. बंधाऱ्याचे शिल्पकार म्हणून व्याह्यांचा सत्कार करायचा ठराव मीच मांडला होता, त्यांना बरं वाटावं म्हणून. बंधाऱ्याशेजारी मांडव घातला, गावातून शंभर-दीडशे माणसं आली, सरपंचांनी स्वतः फेटा बांधला, मी शाल घातली. सगळं छान चाललं होतं. मग व्याही माइकपुढे उभे राहिले आणि म्हणाले, “गावकऱ्यांनो, तुमचे उपकार. हा बंधारा काढून टाका.”

जालना जिल्ह्यात उभं राहून, टँकरमागे घागरी घेऊन पळालेल्या माणसांपुढे, बंधारा काढा म्हणणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही.  सरपंच टाळी वाजवायला हात उचलून बसले होते, ते हात तसेच राहिले. मागून कोणीतरी म्हणालं, “साहेबाला ऊन लागलं, पानी द्या.” व्याह्यांनी पाण्याचा पेला घेतला, बाजूला ठेवला आणि फेट्याखालून घाम पुसत बोलत राहिले. “मी पाया खोदून राह्यलो होतो, तवा नदीवर मासे धरनारी एक म्हातारी आल्ती माझ्याकडं. म्हन्ली, साहेब, गोदावरीतून वाम हितून वर चढती, वरच्या डोहात अंडी घालती. तिला एक दार ठिवा. मी म्हन्लं, का गं म्हातारे, वामीला वरच्या शाळंत नाव घालायचंय का? समदे मजूर हासले. मला लई हुशार असल्यावानी वाटलं त्या दिवशी. तिकडं त्या खिडकीत मासे मोजता मोजता मला ती म्हातारी याद आली. तिला माफी मागायची व्हती, पन मी गेलो तवा कळलं, ती कवाच गेली.”  मांडवाच्या कडेला बसलेली एक बाई उठली, त्या म्हातारीची सून. “आता आमी बाजारातून सुकट आनून खातो, साहेब,” एवढंच म्हणाली आणि खाली बसली. सत्काराचे पेढे त्या दिवशी कोणी उचलले नाहीत.

मी दोन महिने व्याह्यांशी बोललो नाही. मला राग आला होता, आणि तो लपवायची माझी इच्छाही नव्हती. ज्या पाण्यावर माझी बाग उभी, ते माझ्याच व्याह्याने, माझ्याच शालीत उभं राहून काढून घ्यावं? गावात लोक तोंडावर काही म्हणत नव्हते, पण पारावर मी गेलो की विषय बदलायचा. लेक फोनवर म्हणायची, “पप्पा, तुम्ही दोघं भांडलात तर मी कोणाकडून बोलू?” आणि मी म्हणायचो, भांडलो कुठे, बोलतच नाही तर भांडू कसा.

मग उन्हाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी शेजारचा सायकल दामटत आला. “गुरुजी, तुमचे इवाई पान्यात उतरलेत!” मी अनवाणी पळालो.  गावाने ऐकलं नाही म्हणून माणूस काय करून बसेल याचा नेम नाही. बंधाऱ्याच्या भिंतीशी, बरोबर मध्यभागी, जिथे एके काळी दोन पुरुष पाणी असायचं आणि जिथे आम्ही अजूनही लेकरांना जाऊ देत नाही, तिथे व्याही लेंगा वर खोचून उभे होते. मी ओरडलो, “इवाई, वापस या! बुडताल!”

“बुडायला पानी लागतं, इवाई,” ते तिथून म्हणाले.

पाणी त्यांच्या गुडघ्यापर्यंत होतं. मला वाटलं ते खडकावर उभे असतील. मग ते चालत चालत या काठापासून त्या काठापर्यंत गेले आणि परत आले, आणि पाणी कुठेच त्यांच्या गुडघ्याच्या वर गेलं नाही. आम्ही इतकी वर्षं काठावरून चकाकणारं पाणी बघत होतो आणि खाली सगळा गाळ होता. माझ्या विहिरीचं पाणी दर वर्षी खाली जात होतं, मी शेजाऱ्याच्या बोअरला शिव्या घालत होतो. मनात कुठेतरी मला हे ठाऊक होतं का? असेल. पण ठाऊक असणं वेगळं आणि आपल्या व्याह्याला त्यात उभं बघणं वेगळं. मी काठावर बसलो. ते माझ्याशेजारी येऊन बसले, पाय चिखलाने माखलेले. म्हणाले, “समदा काढा म्हनत न्हाई. बर्गे गंजून बसलेत, पावसाळ्याआधी काढायचा नेम हाय तरी कोनी काढत न्हाई. मधला एक गाळा तळापासून मोकळा करा. तेवढं दार.”

“बाग गेली तर?” मी विचारलं.

“ग्यारंटी देत न्हाई. मागच्या टायमाला देल्ती.”

त्या वाक्याने मला जो धक्का बसला तो आधीच्या कशानेच बसला नव्हता. सरकारी इंजिनिअर, तोही निवृत्त, आणि चुकलो म्हणतो! मी संस्थेची बैठक बोलावली. एका मताने ठराव पास झाला, आणि ते मत माझं होतं. माझा पुतण्या जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये काम करतो. तो एका रविवारी गॅस कटर टेम्पोत घालून घेऊन आला आणि मधल्या गाळ्याचे गंजलेले बर्गे कापून काढले. आठ माणसांनी खालचा गाळ ओढला. व्याही स्वतः घमेली उचलायला लागले तेव्हा मी त्यांना हाताला धरून सावलीत बसवलं. पाणी त्या फटीतून पहिल्यांदा खाली गेलं तेव्हा ते उठून उभे राहिले, बसमध्ये राहायचे तसेच ताठ. मी उभा राहिलो नाही. माझी मोसंबी माझ्या डोळ्यांपुढे होती.

त्या पावसाळ्यात नदीला पाणी आलं तसे व्याही आमच्याकडेच मुक्कामाला आले. रोज सकाळी छत्री घेऊन त्या गाळ्यापाशी बसायचे. वाम काही आली नाही. पुढच्या वर्षी लेकीला दुसरं बाळ झालं, ते तिकडे गेले, तिकडेच गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि आता डॉक्टर लांबचा प्रवास नको म्हणतात. ते बहुतेक परत येणार नाहीत, हे आम्हा दोघा व्याह्यांनाही कळलेलं आहे, पण बोलत नाही. नदी वाहती असली की त्यांच्या जागी आता मी जाऊन बसतो. बाग निम्मी राहिली आहे. ती गाळ्याने गेली की आधीच जाणार होती, याचा हिशोब मी सोडून दिला. आमच्या सकाळी त्यांची संध्याकाळ असते, तेव्हा त्यांचा फोन येतो. “आली का?” “न्हाई, इवाई.” “येईल.” झालं बोलणं.

मागच्या महिन्यात एकदा त्यांचा आवाज फार खोल गेल्यासारखा वाटला. विहीणबाई म्हणाल्या होत्या, जेवत नाहीत. त्यांनी विचारलं, “आली का?” आणि जन्मभर पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवणाऱ्या माझ्या तोंडून निघून गेलं, “आली इवाई. आत्ता, डोळ्यांदेखत वर गेली.”

 तिकडे हसू आल्यासारखं झालं. “खोटं बोलू नका, इवाई. आली असती तर तुमी फोन उचलला नसता. बघत बसला असता.”

दुसऱ्या दिवसापासून मी नदीवर जाताना फोन घरीच ठेवतो. बायकोलाही सांगून ठेवलंय, वाजला तरी उचलू नको. तो वाजत राहतो, कोणी उचलत नाही, आणि तेवढा वेळ तरी तिकडे त्यांना वाटत असेल, की आली.