भिंतीवरचं सोनेरी कार्ड

कुणाच्या दिवाणखान्यात काही फ्रेम करून लावलेलं दिसलं, की यजमान आतून येईपर्यंत मी ते अक्षरन् अक्षर वाचून काढते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी ही सवय सुटलेली नाही. लातूरच्या एका प्रकरणात ती लागली. पुढे मोठमोठे गुन्हे हाताळले, पण मनात घर करून राहिलं ते हेच, आणि त्यात शेवटी गुन्हा घडलेलाच नव्हता.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. कचेऱ्या भाड्याच्या इमारतींत आणि पाट्यांवरचा रंग ताजा. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. टँकर आला की आम्हाला बंदोबस्ताला जावं लागे. मी परिविक्षाधीन फौजदार म्हणून शहरातल्या ठाण्यात रुजू झाले होते. शिकले नांदेडच्या इंग्रजी शाळेत. मराठी जबाब लिहिताना अडायचे आणि चार पुरुषांत बोलायचं म्हटलं की घसा कोरडा पडायचा. आमचे पीआय साहेब मला 'कॉन्व्हेंट' म्हणत. त्यामुळे मी जास्त पाहायचे आणि कमी बोलायचे.

एका मंगळवारी डाळमिलचे मालक अर्ज घेऊन आले. गावात त्यांना सगळे शेठ म्हणत. आदल्या वर्षी ते आणि त्यांच्या पत्नी यात्रा कंपनीबरोबर सिंगापूरला गेले होते आणि तिथून आठवडाभर सहलीच्या जहाजावर होते. हे आख्ख्या लातूरला माहीत होतं. नव्या जिल्ह्यात कोण पुढच्या रांगेत बसणार हे अजून ठरायचं होतं, आणि जहाजाच्या पहिल्या दर्जाने फिरून आलेला माणूस म्हणून शेठना सत्कारांत पुढची खुर्ची मिळू लागली होती.

अर्जात लिहिलं होतं: 'जहाजावरील आमच्या सर्वांत वरच्या मजल्यावरील पहिल्या दर्जाच्या खोलीतून पत्नीची पोवळ्याची अंगठी चोरीस गेली. खोली झाडणारा नोकर औसा रोडवरील एका खेड्यातला असून सध्या रजेवर आला आहे.'

"इतके दिवस का थांबलात, शेठ?" साहेबांनी विचारलं.

"माणूस सापडल्याशिवाय बोलून काय उपयोग? काल घरी येऊन गेला माझ्या. चार पाहुणे बसलेले, त्यांच्यासमोर विचारतो, काकू कशा हायेत म्हणून! हिंमत बघा."

त्याच दुपारी आमच्या हवालदारांचा खबऱ्या, बसस्टँडसमोरचा चहावाला, सांगून गेला की त्या पोराच्या बहिणीचं लग्न ठरलंय आणि ती पोवळ्याची अंगठी घालून बांगड्या भरायला आली होती. हवालदार आणि मी जीपने गावात गेलो. घर बौद्ध वस्तीत, टोकाला. तो पंचविशीचा, उभट चेहऱ्याचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला. त्याची आई रिकाम्या घागरी घेऊन टँकरची वाट पाहत दारातच बसली होती. बहिणीने न बोलता अंगठी काढून दिली. पंचनामा झाला. अंगठी आणि त्याचा पासपोर्ट आम्ही ताब्यात घेतला.

"मॅडम," तो पहिल्यांदाच बोलला, "शुक्रवारी रातच्या गाडीनं मला मुंबईला निघायचंय. रविवारी जहाजावर हजर झालो न्हाई तर माझ्या जागी दुसरा जातो. परत घेत न्हाईत."

"चौकशी होऊ द्या," मी म्हणाले. दुसरं काय म्हणावं ते मला सुचलं नाही.

साहेबांचं म्हणणं सरळ होतं. चोरी परक्या जहाजावर, समुद्रात झाली असली तरी चोरीचा माल आपल्या हद्दीत सापडला, म्हणजे तो बाळगल्याचं कलम ४११ लागतं. बाईंनी अंगठी ओळखली आणि तसा जबाब दिला, की गुन्हा दाखल आणि अटक. तोवर त्याने रोज दहाला ठाण्यात येऊन बसायचं.

मोठ्या घरच्या बाई ठाण्यात येणार नाहीत, म्हणून बुधवारी मला त्यांच्या घरी पाठवलं. मी दिवाणखान्यात थांबले. समोरच्या भिंतीवर सोनेरी काठाचं कार्ड काचेच्या फ्रेममध्ये लावलेलं होतं. वर जहाजाचं चित्र, खाली बारीक इंग्रजी. मी वाचलं. पुन्हा वाचलं. मजकूर असा होता: 'या मजल्यावरील प्रवाशांना विनंती की त्यांनी वरच्या चार मजल्यांवर येऊ नये. मधला जिना वापरू नये. आपले जेवण दुसऱ्या पंगतीत आहे. सहकार्याबद्दल आभार.'

तेवढ्यात शेठ आले. "बघून राहिल्या का, मॅडम? तिकडची आठवण. येणारा प्रत्येक माणूस आधी तेच बघतो."

त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. घरात कुणालाच येत नव्हतं, आणि पाहुणे चित्र आणि सोनेरी काठ बघून बारीक अक्षर सोडून देत.

त्यांच्या पत्नी, सगळे त्यांना काकू म्हणत, पदर सावरत आल्या. शेठ शेजारीच बसून राहिले. मी अंगठी पुढे केली. काकूंनी ती हातात न घेताच पाहिली.

"ओळखा की. तुमचीच ना?" शेठ म्हणाले.

"हाव. माझीच."

"चोरीला गेली होती?" मी विचारलं.

काकूंनी शेठकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "हे म्हणतात तसं."

हे उत्तर मला खटकलं. कार्ड तर त्याहून खटकलं. वरच्या मजल्यावर खोली असलेल्या माणसाकडे वर येऊ नका असं सांगणारं कार्ड कसं? मी ठाण्यात परतले, साहेबांपुढे उभी राहिले आणि म्हणाले, "सर, अंगठी ओळखली. जबाब उद्या पूर्ण करते." कार्डाचं बोलले नाही. मनात आलं, माणूस कुठल्या दर्जाने फिरला हा काही गुन्हा नाही, आणि साहेब हसतील. बाहेर बाकावर तो बसला होता. मी त्याच्याकडे न पाहता माझ्या टेबलाशी गेले.

गुरुवारी त्याला आत घेतलं. हवालदारांनी सुरुवात केली.

"अंगठी कुठून आणली?"

"मला दिली."

"कुणी?"

"ते सांगणार न्हाई."

"का रे? माशानं दिली का समुद्रातल्या? नाव सांग, मी माशालाबी समन्स काढतो!" बाहेरचे शिपाई हसले. तो हसला नाही. हवालदारांनी टेबलावर हात आपटला, आवाज चढवला, भीती घातली. तासभर तो एकच वाक्य बोलत होता. नोकरीत पुढे मला कळलं की खोटं बोलणारा माणूस दर वेळी थोडं वेगळं सांगतो. हा गप्प होता, आणि प्रत्येक वेळी त्याच जागी गप्प होता.

मधे त्याने पाणी मागितलं. माठाशेजारी पेला होता. हवालदारांनी तांब्या उचलला आणि वरून त्याच्या ओंजळीत धार धरली. त्याने सवयीने हात पुढे केले होते. मी पाहिलं आणि रजिस्टरमध्ये रेघा ओढत राहिले.

हवालदार जेवायला गेल्यावर मी त्याला विचारलं, "जहाजावर कसं असतं?" मला खरंच तेवढंच विचारता आलं.

तो जरा सैल झाला. "गाव असतंय, मॅडम. वरच्यांची लिफ्ट वेगळी, जेवणाचा हॉल वेगळा, उन्हात बसायच्या खुर्च्यांवर त्यांची नावं. बंदर आलं की आधी ते उतरणार, तोवर खालचे दारात उभे. मधल्या जिन्यावर पितळी दार, तिथं माणूस कार्ड बघतो. सगळ्यात खाली आम्ही, पाण्याच्याबी खाली. आमचा जिना मागं. कामाशिवाय वर दिसलो की तक्रार. दोन तक्रारी झाल्या की घरी."

"तुम्ही वरच्या मजल्यावर काम करता?"

"न्हाई. मला कुठून मिळणार? मी सगळ्यात खालच्या खोल्यांचा. खिडकी नसलेल्या."

"सोनेरी काठाचं कार्ड असतं का तिथे?"

तो दचकला. "ते मीच ठेवतो. प्रत्येक उशीवर एक."

मग दाराकडे बघून त्याने आवाज खाली केला. "मॅडम, त्या बाईंना यात वढू नका."

मी कुठल्या बाईंचं नावही घेतलं नव्हतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. शुक्रवार उजाडला होता आणि बारापर्यंत साहेब गुन्हा दाखल करणार होते. दहाला शेठ मोंढ्यात, धान्यबाजारात, जातात हे मला ठाऊक होतं. सव्वादहाला मी त्यांच्या दारात होते. साहेबांना न विचारता आले होते.

काकू मला बघून घाबरल्या. मी सोफ्यावर बसले नाही, त्यांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाटावर बसले.

"काकू, भिंतीवरचं कार्ड मी वाचलंय."

त्यांचे हात पिठात होते. ते तसेच थांबले. "वाचता येतं तुम्हाला?"

"हो."

"काय लिव्हलंय त्यात?"

मी सांगितलं. त्या आधी हसल्या. मग डोळ्यांना पदर लावला. "आणि आम्ही त्याला रोज पुसून राहिलो!"

मग त्या बोलल्या. त्या बिनखिडकीच्या खोलीत तीन दिवस त्यांच्या पोटात पाण्याचा थेंब टिकला नव्हता. शेठ यात्रेतल्या मंडळींबरोबर पत्ते खेळत. या पोराने कोरडी बिस्किटं आणली, लिंबू आणलं, ओकारीचं भांडं उचललं. बोलण्यातून कळलं की तो आपल्याच भागातला. चौथ्या पहाटे त्याने त्यांना नोकरांच्या मागच्या जिन्याने सगळ्यात वर नेलं, वारा लागावा म्हणून. "म्हणला, काकू, धा मिनिटं. कुणी बघितलं तर माझी नोकरी जाईल. तिथं मी पहिल्यांदा समुद्र बघितला, मॅडम. एवढे पैसे भरून गेले, आणि बघितला तो त्या पोरामुळं. म्हणून बोटातली काढून दिली. न्हाई म्हणत होता. मी म्हणले, बहिणीला घाल."

"शेठना सांगितलं नाही?"

"काय सांगू? परक्या पोरासंगं पहाटं वर गेले म्हणून? आणि तोबी त्या वस्तीतला. हरवली म्हणले. ह्यांनी चोरी धरली."

मी म्हणाले, "काकू, आज रात्री त्याची गाडी आहे. बारा वाजता साहेब त्याला अटक करतील. तो तुमचं नाव घेत नाही. तीन दिवस झाले."

काकूंनी परत पिठात हात घातले. मी उठले. यापेक्षा जास्त बोलणं म्हणजे जबरदस्ती झाली असती. रस्त्याने चालताना वाटत होतं, आपण हरलो.

पावणेबाराला ठाण्यासमोर सायकलरिक्षा थांबली. काकू उतरल्या. हातात पिशवी. सगळे शिपाई उभे राहिले. त्या सरळ साहेबांच्या खोलीत गेल्या, पिशवीतून फ्रेम काढली आणि टेबलावर ठेवली.

"ह्या मॅडमला हे वाचून दाखवायला सांगा, साहेब. मग मी काय सांगते ते लिहून घ्या."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. दारात हवालदार होते. बाकावरून तो उठून उभा राहिला होता. मी आधी इंग्रजीत वाचलं, मग मराठीत. 'दुसऱ्या पंगतीत' म्हणताना हवालदारांनी मान खाली घातली. कुणीही हसलं नाही.

काकूंनी जबाब दिला आणि स्वतः सही केली. साहेबांनी शेठना बोलावून घेतलं. शेठनी जबाब वाचला, फ्रेम पाहिली आणि एकच विचारलं, "अर्ज मागं घेता येतो का?" अर्ज गैरसमजुतीतून केलेला, असा शेरा मारून निकाली काढला. अंगठी त्या पोराच्या बहिणीला परत गेली. साहेब मला एवढंच म्हणाले, "हे बुधवारी का नाही सांगितलं?" त्या दिवशी त्यांनी मला कॉन्व्हेंट म्हटलं नाही, आणि ते मला जास्त लागलं.

संध्याकाळी पासपोर्ट द्यायला मी स्वतः बसस्टँडवर गेले. त्याची आई ट्रंकेवर बसली होती. मी त्याला म्हणाले की मला दोन दिवस आधीच कळलं होतं.

तो पासपोर्ट खिशात ठेवत म्हणाला, "जहाजावर बरं असतंय, मॅडम. कुठं जायचं न्हाई ते कार्डावर छापलेलं असतं." मग गाडी लागली आणि तो चढला.

मी त्या प्रकरणातून काय शिकले हे मला तरुण अधिकारी विचारतात. मी सांगते, साक्षीदाराला एकटं विचारा, भिंती वाचा, आरोपी कुठल्या जागी गप्प होतो ते बघा. एक गोष्ट मात्र आजवर सांगितली नव्हती. त्या तीन दिवसांत आम्ही दोघं गप्प होतो, तो आणि मी. त्याने गप्प राहून एका बाईची अब्रू राखली, स्वतःची नोकरी पणाला लावून. मी गप्प राहून फक्त माझा संकोच राखला, तोही त्याचीच नोकरी पणाला लावून.

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात सगळ्यांच्या आधी गेले. माठाजवळचा तांब्या उचलून कपाटात ठेवला. पेला तेवढा राहू दिला. हवालदारांनी बराच वेळ शोधाशोध केली.

"तांब्या कुठं गेला, मॅडम?"

"पेला आहे ना," मी म्हणाले. यावेळी घसा कोरडा पडला नाही.