तिसरा दात

भिंगताईंचं खरं नाव प्रयोगशाळेत फक्त हजेरीच्या वहीला माहीत. एकतीस वर्षं काचेच्या बाटल्या धुता धुता ही बाई भिंगातून किडे बघून त्यांची चित्रं काढायला शिकली, आणि अशी शिकली की भल्याभल्यांनी तोंडात बोटं घालावीत. प्रयोगशाळेच्या सरांचे डोळे आता थकले होते. ते मजकूर लिहायचे, चित्रं भिंगताईंची.

तर झालं असं, ओढ्यातल्या दगडांखाली वाढणारी एक दगडमाशी सरांना सापडली. इवलीशी, करड्या पंखांची. अगदी तशीच एक जात पुस्तकात आधीपासून होती. पण तिच्या नराच्या शेपटीकडच्या हुकासारख्या आकड्याला दात दोनच, आणि या नराच्या आकड्याला भिंगताईंना दिसले तीन. तिसरा दात म्हणजे नवी जात! नर मिळाला होता एकच. सरांनी वर्णन लिहून काढलं आणि जातीला नाव दिलं चक्क भिंगताईंचं. बाईंचे पाय जमिनीला लागेनात. नवऱ्यानं तर अख्ख्या गल्लीत सांगून टाकलं, "आमची ही आता माशी झाली!"

वर्णन सोमवारी छापायला पाठवायचं होतं. रविवारी सकाळी नवरा किटली साफ करत होता. आत पाण्याचा क्षार साचलेला. त्यानं व्हिनेगर ओतलं तसे फसफसून बुडबुडे आले, आणि एक खपली उडून ओट्यावर पडली. टोकदार, पिवळट.

भिंगताईंनी ती खपली उचलून उजेडात धरली. अगं बाई, तो तिसरा दातही पिवळटच होता की! बाकीचे दोन तपकिरी. चित्र काढताना त्यांना ते दिसलं होतं. कोवळा असेल, अशी स्वतःचीच समजूत घालून त्यांनी पेन्सिल फिरवली होती. ओढ्याचं पाणीही असंच क्षाराचं.

त्या दिवशी भाजीत दोनदा मीठ पडलं. बाई दारापर्यंत जात, परत येत, बसत, पुन्हा उठत.

"अंगात वारं भरलंय का तुझ्या? बस ना एका जागी!" नवरा करवादला.

"तुम्ही गप्प बसा. माशी झाली म्हणे!"

सोमवारी त्या सरांच्या आधी प्रयोगशाळेत हजर. सर आत येतात न येतात तोच म्हणाल्या, "सर, पाठवू नका. आधी बघू द्या."

नर स्पिरिटच्या बाटलीतून बशीत आला. बाईंनी बारीक ब्रश आकड्यावरून हलकेच फिरवला. तिसरा दात सुटला आणि बशीच्या तळाशी जाऊन बसला.

सर बशीवर वाकले. मग म्हणाले, "तुटला असेल, ताई. चित्र आहे ना आपल्याकडे."

बाईंना मोह झाला नाही असं कोण म्हणेल? झाला, चांगला झाला. पण हात आधीच आम्लाच्या बाटलीकडे गेला होता. त्यांनी तो कण काचेवर घेतला. "दात असेल तर काही होणार नाही," म्हणाल्या, आणि थेंब सोडला. भिंगाखाली बुडबुडे आले. कण विरून गेला.

"नाव तुमचं होतं हो," सर हळूच म्हणाले.

"माहितीये, सर."

राहिली बाटलीतली चिठ्ठी. स्पिरिटमध्ये शाई विरघळते, म्हणून पेन्सिलीनं लिहिलेली. बाईंचं नाव, त्यांच्याच अक्षरात. ती फाडून टाकावी असं त्यांना फार वाटलं. पण तिथला नियम असा, की जुनी चिठ्ठी कधी काढायची नाही. चुकीची असली तरी आतच राहू द्यायची आणि दुरुस्तीची दुसरी शेजारी घालायची. इतकी वर्षं त्या सगळ्यांना हेच बजावत आल्या होत्या.

त्यांनी पेन्सिलीला टोक केलं, दुसऱ्या चिठ्ठीवर जुन्या जातीचं नाव लिहिलं, नर परत बाटलीत ठेवला, नवी चिठ्ठी जुनीच्या शेजारी सोडली आणि बूच घट्ट बसवलं.

संध्याकाळी नवऱ्यानं दारातच विचारलं, "काय, कुठवर पोचली आमची माशी?"

"बाटलीत आहे," बाई म्हणाल्या, आणि चपला पायातच ठेवून उंबऱ्यावर बसून रडल्या.