बंपरवरचे दोन तंतू

ती घटना आठवली, की आजही मान खाली जाते. चोर पकडल्याच्या गोष्टी मी नातवंडांना मीठमसाला लावून सांगतो. ही सांगताना मात्र आधी घसा खाकरावा लागतो.

कराडजवळ एका म्हातारीला टेम्पोने उडवलं. पाय मोडला, टेम्पो पसार. निरोप आला तेव्हा एक तरुण मंडळ माझा सत्कार करत होतं. खांद्यावरच्या शालीसकट मी जीपमध्ये बसलो. खबऱ्याने दुधाचा एक पांढरा टेम्पो दाखवला. मी बंपरपाशी वाकून बघितलं, तर दोन किरमिजी तंतू! म्हातारीची साडीही किरमिजी. पंचनामा केला, तंतू सीलबंद केले आणि टेम्पोवाल्याला आत घेतलं.

तो माजी सैनिक.

"साहेब, तवा मी इस्लामपूरकडं डेअरीवर कॅन उतरवत हुतो. इचारा की फोन करून!"

"तुझा बंपर बोलतोय. तू गप्प बस."

एक फोन पुरला असता. मी केला नाही. तो जामिनावर सुटेपर्यंत त्याच्या दुधाच्या फेऱ्या दुसऱ्याकडे गेल्या.

पुढे प्रयोगशाळेतल्या मॅडमनी मला बोलावून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. ध्रुवित म्हणजे पोलराइज्ड प्रकाशात साडीचा तंतू रंगीबेरंगी झळकत होता.

"हे पॉलिस्टर. आता बंपरवरचा बघा."

तो नुसताच मंद, करडा.

"ॲक्रिलिक. शाली-स्वेटरचं. साध्या डोळ्यांना दोन्ही किरमिजीच."

मी निघायला वळलो, तोच त्या म्हणाल्या, "थांबा साहेब, पाठीवर काय चिकटलंय?"

चिमट्याने उचलून त्यांनी तेही काचेवर ठेवलं. तसंच करडं. सत्काराची ती किरमिजी शाल तेव्हापासून माझ्या जीपच्या सीटवर अंथरलेली होती.

तिथूनच डेअरीला फोन लावला. अपघाताच्या वेळी टेम्पोवाला खरंच तिथे होता. न्यायालयात तसा अहवाल दिला, तो आरोपातून सुटला. खरा टेम्पो पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यात सापडला. मी डेअरीत जाऊन हात जोडले, तरी त्याला निम्म्याच फेऱ्या परत मिळाल्या.

पुरावा शोधायला जाताना आपण अंगावर काय घेऊन जातो, ते आधी झटकावं. आणि समोरचा सांगतो ते निदान पडताळावं. एवढं शिकलो, पण भोगलं त्याने.

माझ्या निवृत्तीच्या समारंभात सगळ्यांनी शाली आणल्या. तो टॉवेल-टोपी घेऊन आला. टॉवेल माझ्या खांद्यावर टाकत कानाशी म्हणाला, "बिनघोर घ्या साहेब. सुती हाय."